धाकट्यांची पंगत आधी

डॉक्टर संध्या बडेकरचा राग अख्ख्या कर्जत तालुक्याला ठाऊक आहे. लहान मुलांची डॉक्टर ती, त्यामुळे पोरांवर तो कधी निघत नाही. निघतो तो पोरांच्या दुखण्यात आपलीच अक्कल पाजळणाऱ्या थोरामोठ्यांवर. पण त्या सकाळी ती चिडली ती चक्क गुलाबाच्या फुलावर. तेही फोनमधल्या.

झालं होतं असं, की नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या स्पेशालिस्ट डॉक्टरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. हाडांचे, भुलीचे, कातडीचे, पोटाचे, सगळे त्यात. संध्याने आदल्या दिवशी एका तान्ह्या बाळाच्या झटक्यांबद्दल तिथे विचारलं होतं. सकाळी उघडून बघते तर काय! दवबिंदू पडलेले गुलाब, उगवता सूर्य, हाडांच्या डॉक्टर विकासला वाढदिवसाच्या शुभेच्छा, तीन मजली केक, आणि या सगळ्या जत्रेत कुठेतरी हरवलेलं धारपसरांचं दोन शब्दांचं उत्तर. त्याखाली अंगठे. एकाखाली एक, नुसते अंगठे.

आता धारपसर कोण, ते सांगायला हवं. डॉक्टर किशोर धारप, खोपोलीचे फिजिशियन, या सगळ्या मुलखात सगळ्यात जुने. संध्या शिकून आली तेव्हा पहिली उमेदवारी तिने त्यांच्याच हाताखाली केली. छातीला नळी कशी लावायची आणि मेलेल्या माणसाच्या बायकोशी कसं बोलायचं, दोन्ही त्यांनीच शिकवलं. तिचा सरांवर जीव. पण सर बोलले रे बोलले की बाकीच्यांची डोकी कुलूपबंद होतात, हे तिला त्या सकाळी अंगठ्यांची रांग बघताना एकदम लख्ख दिसलं. एवढे शिकलेले लोक, लाखालाखाच्या पुस्तकांतून गेलेले, आणि काम काय करतात तर अंगठा दाखवतात! तिने चष्मा पुसला, परत लावला, आणि त्याच दिवशी नवा ग्रुप काढला.

नाव ठेवलं ‘धाकट्यांची पंगत’.

हे नाव तिच्या गावातलं. खालापूरच्या अलीकडे तिचं गाव. तिथे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी भंडारा असतो, आणि पंगती बसवायचं काम वर्षानुवर्षं तिच्या वडिलांकडे, पोपटरावांकडे. पंच येवोत की सरपंच, पोपटराव हात आडवा लावायचे. “पोरं आधी! मोठ्यांना दम धरता येतो. पोरं उपाशी झोपून जात्यात, मग बसा उठवत त्यांना.” गावात यावर कुणी कधी वाद घातला नाही. संध्याला वाटलं, जे गावाला कळतं ते स्पेशालिस्टांना का कळू नये?

म्हणून नियम असा केला, की कुणी रुग्णाबद्दल विचारलं तर वयाने सगळ्यात लहान डॉक्टरने आधी मत द्यायचं, मग त्याच्याहून मोठ्याने, आणि सरांनी अगदी शेवटी. अंगठा चालणार नाही, आपल्या शब्दांत लिहायचं. फुलं नाहीत, वाढदिवस नाहीत. रुग्णाचं नाव नाही, चेहरा नाही. आणि जे सांगायचं ते नेरळ ते खोपोलीच्या दरम्यान मिळणाऱ्या साधनांत बसलं पाहिजे, उगाच मुंबईच्या गप्पा नकोत.

वय विचारलं आणि गंमत झाली. बायका वय लपवतात म्हणे! बायकांनी जन्मसाल फटाफट टाकलं. पुरुष मात्र दोन दिवस घुटमळत राहिले. विकासने तर चार वर्षं सरळ खाल्ली. संध्याने त्याला तिथेच ठणकावलं, “विकास, तू मला कॉलेजात सीनियर होतास. आता माझ्याहून लहान कसा झालास रे?” बिचाऱ्याने गुमान खरं साल टाकलं.

सरांना मात्र फोनवर सांगणं बरं दिसेना, म्हणून ती खोपोलीला गेली. सर दुपारचे जेवून आरामखुर्चीत बसले होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

“म्हणजे मी शेवटच्या पंगतीला?” सर म्हणाले. “श्रीखंड संपल्यावर?”

“शेवटच्या पंगतीला वाढपी बसतात, सर. त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं असतं.”

“वकिलीला जायला हवं होतंस तू,” सर हसले. “टाक माझं नाव.”

ती उड्या मारत परत आली. आणि पुढचे काही आठवडे तिने कपाळावर हात मारून काढले.

कारण ग्रुपवर सगळं कसं रीतसर चाललं होतं. धाकटे आधी लिहीत होते, मोठे नंतर, सर शेवटी. पण उत्तरं सगळी सारखीच! कातडीची डॉक्टर रुचिता लिहायची “सलाईन बेताने”. भुलीचा डॉक्टर निलेश लिहायचा “सलाईन बेताने”. विकास, ज्याचा आणि सलाईनचा संबंध प्लास्टर सुकेपर्यंतचा, तोही “सलाईन बेताने”. आता ‘बेताने’ हा शब्द या पट्ट्यात एकच माणूस वापरतो, आणि तो खोपोलीला राहतो. संध्याने निलेशला फोन लावला आणि दरडावून विचारलं. तो आधी आं ऊं करत राहिला, मग फुटला. सगळेच्या सगळे आधी सरांना खाजगीत फोन करायचे, सर काय म्हणतात ते विचारून घ्यायचे, आणि मग वयाच्या क्रमाने आपापल्या नावावर लिहायचे.

“अहो मॅडम, सरांच्या विरुद्ध काही पडायला नको ना,” निलेश म्हणाला. “उद्या त्यांच्याच दवाखान्यात भूल द्यायला जायचंय मला.”

“अरे, मग मी त्यांनाच नसतं विचारलं? तुमची गरज काय होती मला?”

तिने सगळ्यांचे कान उपटले. सरांनाही सांगितलं, की कुणाचा फोन आला तर बोलायचं नाही. सरांनी कबूल केलं. पोरांनी कबूल केलं. रुचिता म्हणाली, “मॅडम, पण मी तापाबद्दल काय बोलणार? माझ्याकडे नेरळच्या नव्या सोसायट्यांमधल्या मुली येतात, मुरमं घेऊन. सगळे मला ब्युटी पार्लरच समजतात.”

“मी समजत नाही,” संध्या म्हणाली. “तू एमडी आहेस. बोल तशी.”

हे असं चाललं होतं तोवर पाऊस सरला, डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडायला लागलं, आणि भागी आली.

संध्या आठवड्यातून काही दिवस कोंडाण्याच्या रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात जाते. तिथे वरच्या ठाकूरवाडीतून पोशा आणि जना आपल्या सहा वर्षांच्या पोरीला घेऊन आले. आठवडाभर ताप. पोरगी एरवी चुणचुणीत असणार हे डोळ्यांवरून कळत होतं, पण आता ते डोळे लाल आणि जड झाले होते. पोट दुखत होतं, यकृत बोटाला लागत होतं, रक्तातल्या प्लेटलेट उतरलेल्या. डेंगीची तपासणी आली ती ‘नाही’ म्हणून, पण इतक्या दिवसांनी ती तपासणी खोटं बोलू शकते. नेहमीची औषधं चार दिवस दिली, तापाने ढुंकून पाहिलं नाही. मंगळवारी दुपारी भागीने पाणी पिणंही सोडलं आणि आईने हाक मारली तर उशिरा बघायला लागली.

संध्याने पोशाला बाहेर नेऊन सांगितलं, की आता पोरीला खाली पनवेलला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल.

पोशा शांत माणूस. गवत कापायच्या दिवसांत काम टाकून तो चार दिवस व्हरांड्यात बसून होता. त्याने मान हलवली.

“तिकडं नाय नेणार, बाय. आमच्या वाडीतलं पोर नेलं व्हतं. काचंच्या आत ठेवलं, आयबापाला भायर बसवलं. दोन दिसांनी सांगितलं, गेलं. ते आत रडलं आसंल, कुनाला हाक मारली आसंल, काय म्हाईत नाय आमाला.” त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. “हितं बरी करा. नायतर सकाळी घरी नेतो. जायाचं आसंल तर आयच्या मांडीवर जाऊ दे.”

संध्याला भडाभडा रडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी पोशाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. आत जाऊन फोन घेतला आणि ग्रुपवर भागीचं सगळं लिहिलं, नाव सोडून. शेवटी लिहिलं, “आईवडील खाली न्यायला तयार नाहीत. सकाळी घरी नेतील, आणि घरी ही मुलगी जगणार नाही. इथे काय करता येईल ते सांगा. माझ्याकडे आजची संध्याकाळ आहे. रुचिता, तू आधी.”

वर ‘रुचिता लिहीत आहे’ असं दिसायला लागलं. दिसलं, थांबलं, परत दिसलं. पोरगी लिहीत होती आणि खोडत होती. संध्या मनात म्हणत होती, लिही गं बाई, लिही काहीही.

आणि मधेच धारपसरांचा मेसेज पडला. “डेंगी. आजच पनवेलला हलवा.”

सरांनी नियम मोडला होता. का मोडला, हे संध्याला तिथल्या तिथे कळलं. लहान पोर आहे, वेळ नाही, त्यांच्या म्हाताऱ्या जिवाला राहवलं नाही. पण त्याखाली लगेच निलेशचा अंगठा आला. मग विकासचा. मग आणखी एक, आणखी एक. आणि वर जे ‘रुचिता लिहीत आहे’ दिसत होतं, ते बंद झालं. बंद झालं ते परत दिसेचना.

संध्याने चष्मा पुसला नाही. तेवढी सवडच नव्हती. तिने सरांच्या मेसेजवर बोट दाबून धरलं आणि तो सगळ्यांसाठी डिलीट करून टाकला. त्या जागी करड्या अक्षरांत आलं, की हा मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला आहे.

मग फोन वाजायला लागला. पहिला विकास.

“अगं, तू सरांचा मेसेज पुसलास? सरांचा? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आहे. तुझं कुठे आहे? अंगठा का दिलास?”

“म्हणजे काय, सर म्हणाले ना—”

“ठेव फोन,” ती म्हणाली आणि तिनेच ठेवला.

ग्रुपमधून दोघे बाहेर पडले. पडोत. मग पडद्यावर नाव आलं, धारपसर. आयुष्यात पहिल्यांदा संध्याने सरांचा फोन वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला. समजा, सरांचंच बरोबर असलं तर? चारचौघांत आपण खरं उत्तर पुसलं, आणि ती पोरगी हातची गेली, तर? मग खोपोलीत तोंड दाखवायला जागा नाही, आणि भागीच्या आईसमोर तर नाहीच नाही. पण पनवेलला ती जाणार नाही हे पोशाने सांगितलं होतं. ‘हलवा’ या उत्तराचा तिला उपयोगच नव्हता. तिला दुसरं काहीतरी हवं होतं, आणि ते जर कुणाच्या डोक्यात असेल तर ते सरांच्या सावलीत उगवणार नव्हतं.

तिने परत लिहिलं. “रुचिता, तू आधी. मी वाट बघतेय.”

या वेळी रुचिताने न थांबता लिहिलं, मुळीच खोडलं नाही. “मॅडम, मला तापातलं कळत नाही, कातडीतलं कळतं. मूल गवतात खेळणारं असेल तर सगळी कातडी बघितली का? काखा, जांघा, कानामागे, आणि जिथे कपडा किंवा दोरा घट्ट बसतो तिथे. एखादी काळी खपली? सिगारेटने चटका दिल्यासारखी, पण न दुखणारी? शिकत असताना दोन पाहिल्यात. असली तर स्क्रब टायफस. त्याचं औषध अगदी साधं आहे.”

स्क्रब टायफस! गवतातल्या मोहरीहून बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप. संध्याने पुस्तकात वाचला होता. भागीची कातडी तिने तपासलीही होती, काखा बघितल्या होत्या, कान बघितले होते. दोरा?

ती तशीच वॉर्डात गेली. भागीच्या कमरेला काळा करदोरा होता, त्यात दोन लाल मणी आणि तांब्याचं एक पान. पहिल्याच दिवशी छाया सिस्टर तो कापायला गेली तेव्हा जनाने तिचा हात धरला होता. गोवराच्या वेळी वाडीतल्या भगताने तो बांधून दिला होता, आणि कापायचा नाही असं सांगितलं होतं. संध्याने सिस्टरलाच दटावलं होतं, की असू दे गं, दोऱ्याने काय होतंय. माणसांचा मान ठेवायचा म्हणून ठेवला होता, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. फक्त त्यापायी दोऱ्याखालची बोटभर कातडी कुणीच पाहिली नव्हती.

“जनाबाई,” ती खाली बसत म्हणाली, “दोरा कापायचा नाही. पण मला त्याच्या खाली बघायचंय. तू तुझ्या हातांनी वर सरकव. मी हातसुद्धा लावणार नाही.”

जनाने दोऱ्यावर हात ठेवला. “सरकवला तर चालंल का, मला म्हाईत नाय.”

“भगत काय म्हणाला होता? कापू नको म्हणाला ना?”

“हां. कापू नको म्हनला.”

“मग आपण कापत नाहीच आहोत.”

जनाने पोशाकडे पाहिलं. पोशा दारात उभा होता. “सरकव गं,” तो म्हणाला.

दोरा घट्ट होता. जनाने तो हळूहळू, पोरीला टोचणार नाही असा, वर सारला. मागच्या बाजूला, मणक्याच्या जरा उजवीकडे, डाळीएवढी काळी खपली होती, भोवती लालसर कडं. संध्याने बोट टेकवलं. भागीला दुखलं नाही, ती हललीसुद्धा नाही.

“अगं माझे बाई,” संध्या मोठ्याने म्हणाली, आणि छाया सिस्टर धावत आली, तिला वाटलं पोरीला काही झालं.

औषध दवाखान्याच्या कपाटातच होतं. साधं, जुनं, मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या डॉक्टरला लिहिताना लाज वाटेल इतकं स्वस्त. रक्ताचा नमुना तपासणीला पाठवला, पण उत्तराची वाट न बघता पहिला डोस नाकातून घातलेल्या नळीवाटे दिला. मग पोशाला बोलावून सांगितलं, की खाली न्यायचं नाही, इथेच ठेवायचं, जनाने उशाशीच बसायचं, रात्रंदिवस. दोन दिवस दे मला, ती म्हणाली.

“आन् नाय उतरला तर?”

“तर मी स्वतः तुमच्याबरोबर खाली येईन. काचेच्या आत जनाला घेऊन शिरेन. मला कोण अडवतो ते बघते.”

पोशाला हसू आलं नाही, पण तो परत व्हरांड्यात जाऊन बसला. सकाळी घरी न्यायची गोष्ट त्याने काढली नाही.

बुधवार वाईट गेला. ताप होता तसाच. ग्रुपवर संध्याने खपलीचा फोटो टाकला आणि औषध सुरू केल्याचं लिहिलं. सगळ्यांनी पाहिलं, कुणी ब्र काढला नाही. सर काय म्हणतात याची सगळे वाट बघत होते, आणि सर गप्प. संध्याने दोनदा त्यांना फोन लावायला घेतला आणि दोनदा ठेवला. काय बोलायचं? क्षमा मागायची तर केलेलं चुकलंय असं वाटत नव्हतं. नाही मागायची तर ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांना चारचौघांत गप्प केलं होतं. तिला सरांची इतकी आठवण येत होती की जणू ते कुठे परदेशीच गेलेत.

गुरुवारी सकाळी ती वॉर्डात आली तर भागी उठून बसली होती आणि आईशी भांडत होती. तिला पेज नको होती. तिला भाकर हवी होती, आणि सुकट. छाया सिस्टरने थर्मामीटर दाखवला. ताप नव्हता. संध्याने तो परत लावून पाहिला, मग नुसता हात कपाळावर ठेवला. कपाळ थंडगार. तिने पोरीचे गाल दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, “भाकर खा, सुकट खा, डोंगर खा तू!” भागीला ही बाई वेडी वाटली असणार. जना पदर तोंडाला लावून रडत होती. पोशा मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा व्हरांड्यातून उठून चहा प्यायला गेला.

आणि तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. धारपसरांची.

सर उतरले. गुडघे दुखतात म्हणून ते हल्ली खोपोलीच्या बाहेर पडत नाहीत, पण आले होते. संध्याला ओलांडून ते थेट आत गेले, खाटेशेजारच्या स्टुलावर बसले, आणि जनाला म्हणाले, “आई, मला जरा दाखवता का?” जनाने दोरा वर केला. सरांनी चष्मा कपाळावर चढवून खपली जवळून पाहिली. खूप वेळ पाहिली. पोट तपासलं, डोळे पाहिले. भागीने त्यांना सुकट हवी का विचारलं. नको म्हणाले.

मग त्यांनी संध्याकडे पाहिलं. “माझा मेसेज परत आण.”

आता आलं, असं संध्याच्या मनात आलं. तिने पाठ ताठ केली.

“येत नाही परत, सर. एकदा गेला की गेला.”

“का पुसलास?”

“नियम मोडलात म्हणून. तुम्ही लिहिलंत आणि रुचिता लिहायची थांबली. पुन्हा मोडलात तर पुन्हा पुसेन.” तिने एका दमात बोलून टाकलं. “तुम्हाला राग आला असेल तर मला बोला. ग्रुप सोडू नका.”

“राग आलाय,” सर म्हणाले. “फोन केला होता मी. काय सांगायला, माहीत आहे? मी रुग्ण न बघता लिहून बसलो, ते बाजूला ठेव आणि पोरांना बोलू दे, हे सांगायला. तू उचललाच नाहीस. ते एक. आणि दुसरं, मी चुकलो होतो. माझी चूक तू पुसलीस. नियमासाठी पुसलीस हे बरोबर, पण आता तिथे काय दिसतं? रुचिताचं उत्तर दिसतं, खपली दिसते, आणि माझ्या जागी कोरी ओळ. दहा वर्षांनी कुणी नवा पोरगा ते वाचेल आणि म्हणेल, धारप कधी चुकलेच नाहीत. ते मला नको आहे.”

संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

सरांनी खिशातून फोन काढला. ते एका बोटाने लिहितात, एकेक अक्षर शोधत, आणि लिहिताना पुटपुटतात, त्यामुळे सगळ्या वॉर्डाला ऐकू जात होतं. लिहून झाल्यावर त्यांनी फोन संध्याच्या हातात दिला, बरोबर गेलंय का बघ म्हणून.

ग्रुपवर आलं होतं: “रुचिताने मत दिलं, बाकी कुणी बोललं नाही, म्हणून आता माझी पाळी. मंगळवारी मी लिहिलं होतं: डेंगी, आजच पनवेलला हलवा. ते चूक होतं. हे कुणी पुसू नये. रुचिता, शाबास. आता ज्यांनी ज्यांनी मला अंगठा दिला होता त्यांनी तो का दिला, ते आपल्या शब्दांत लिहा. धाकट्यांपासून.”

संध्याला दिसत होतं, एकेक जण मेसेज बघतोय. अंगठा एकही नाही. भागी आईच्या हातून भाकरीचा तुकडा ओढत होती. मग वर आलं, निलेश लिहीत आहे. थांबलं. परत आलं. सर स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होते, शिकाऊ डॉक्टरकडे बघायचे तसेच.

“काय म्हणतोय?” त्यांनी विचारलं.

निलेशचं उत्तर आलं. संध्याला ते मोठ्याने वाचायला जिवावर आलं, पण तिने वाचलं.

“सर, मलाही डेंगी वाटत नव्हता. पण तुम्ही लिहिलंत म्हणून.”

सरांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला, आणि संध्याला वाटलं, फोन बंद करावा आणि त्यांना चहा आणून द्यावा.

“सर, राहू द्या आता.”

“नाही,” ते म्हणाले. “पुढचा कोण आहे? वाच.”